हायवा, नान्याचा पोरगा आणि तुझा चौथा घात

प्रिय दिल्या,

लिहीन लिहीन म्हणता अर्धा पावसाळा सरला. फोन केला असता, पण फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. तब्येत ठीक. साखर गोळीवर, गुडघा आहे तसाच.

गुरुवारी गावाने मोरीपाशी बैलगाड्या आडव्या घालून खडीचे हायवा (मोठे डंपर) अडवले. मला ‘इंजिनियर काका’ म्हणून पुढे केलं. पहिल्याच केबिनमधून उतरला कोण, तर आपल्या नान्याचा थोरला! वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, “काका, किती भरू सांगा. रोड टॅक्स भरलाय, डिझेलवर सेस भरतोय, गाडीच्या कर्जाचा हप्ता वेगळाच. अजून कोणाकोणाला देऊ?” नान्या गेल्यावर त्या घराचं काय झालं ते तुला ठाऊक आहे. इथे कोणापाशी बोलू?

रस्ता ग्राम सडक योजनेतला, पावणेचार मीटरचा. पाच वर्षांचा दोष दायित्व कालावधी, म्हणजे ठेकेदाराने दुरुस्ती करून द्यायची मुदत, कधीच संपला. पाटी तेवढी शाबूत आहे, तिच्यावरून हायवा जात नाहीत ना!

मग तुझा चौथा घात आठवला. हॉस्टेलच्या गच्चीवर मंत्र म्हटल्यासारखा म्हणायचास: इलिनॉय, ओटावा, १९५८ ते १९६०, रस्त्यांची चाचणी, सैन्याचे ड्रायव्हर ट्रक गोल गोल फिरवतायत. आसावरचं वजन दुप्पट, तर रस्त्याची नासाडी दोनाचा चौथा घात, म्हणजे १६ पट. मी म्हटलं, अमेरिकेतले रस्ते वेगळे, तर अबोला धरलास. (खरं कारण स्टोव्हचे पैसे होते. दिलेत मी ते.)

पोराकडे वाहतुकीचा पास ४ ब्रासचा (ब्रास म्हणजे १०० घनफूट), माल ६ च्या आसपास. म्हणजे गाडीसकट साडेअठ्ठावीसच्या जागी सदतीसेक टन. माल दीडपट, झीज जवळपास तिप्पट. कागदावर मांडून दाखवलं, तर म्हणतो, “चारच भरले तर डिझेलही सुटत नाही. क्रशरवाला भाडं ब्रासवर देतो.” गोम इथेच आहे बघ. जादा भरणाऱ्याला बक्षीस क्रशरच्या फाटकातच मिळतं. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीपासून जादा वजनाला दंड २० हजार, शिवाय वरच्या दर टनाला २ हजार. आठ-साडेआठ टनांचे ३६ हजारांच्या वर झाले. कायद्यात ‘चालवतो’ याच्या जोडीला ‘चालवायला लावतो’ हेही आहे, पण पावती फाटते ती गाडीच्या नंबरावर. काटेवाला आणि माल मागवणारा नामानिराळे.

सरकारचं तर विचारूच नकोस. जुलै २०१८ मध्ये चार टायरच्या आसाची मर्यादा १०.२ वरून ११.५ टन केली. ऐकायला तेरा टक्के, तुझ्या घाताने साठच्या वर. आमच्या रस्त्याची जाडी काही कोणी वाढवली नाही.

तू म्हणशील, डिझेलच्या सेसमध्ये सगळं वसूल होतं. तुझा जुना हेका. अरे, भरलेला हायवा रिकाम्याच्या दुप्पट डिझेल प्याला असं धर, रस्ता मात्र ढोबळमानाने ९० पट खातो. आणि सेस दिल्लीत जमतो, खड्डा इथे पडतो. खडीवरची रॉयल्टीही राज्याच्या तिजोरीत जाते.

माझं मत असं: पास निघतो तिथेच, क्रशरच्या काट्यावर, ब्रासमागे रस्त्याचा वाटा कापावा आणि तो त्याच रस्त्याच्या खात्यात पडावा. पासाच्या वर भरलं तर वाटा घाताने वाढावा. क्रशरवाला दर वाढवील, बिल्डर ओरडेल. ओरडू दे. ज्याच्या स्लॅबला खडी लागते त्याने भरावं. तुझ्या बंगल्याची खडी कुठून आली रे? कुठल्या तरी गावाचं डांबर उखडूनच ना!

सरपंचांना उंच गाड्या अडवायला लोखंडी कमान हवी आहे. मग गाळपात ऊस कसा जाणार? दोन-दोन ट्रॉल्या लावणारे ट्रॅक्टर सरपंचांच्याच भावकीतले. उसानेही वाटा द्यावा म्हटलं की अर्धी सभा चहाला उठेल. तरी १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मी ते बोलणार आहे.

त्याआधी माझे आकडे तपास. मी एकूण वजनावर केलेत, तू आसाआसाचं धरून कर. आणि नान्याच्या पोराला आज काय सांगू तेही लिही. वाटा कापायचा ठराव झाला तरी अंमल व्हायला वर्षं जातील, त्याचा हप्ता दर महिन्याच्या ५ तारखेला असतो.

मेधाचं नक्की झालं का? तारीख कळव, येतोच. वहिनींना नमस्कार. तुझ्या डोळ्याच्या ऑपरेशनचं विचारायचं राहिलंच.

तुझा,
सुऱ्या