चिलखताचे बंदही महत्त्वाचे

मा. संपादक,

आपल्या रविवारच्या पुरवणीतील युरोपीय नाइटांच्या, म्हणजे मध्ययुगीन घोडेस्वार सरदारांच्या, चिलखतांवरचा लेख आवडीने वाचला. त्यात पोलादी पत्र्यांचे वर्णन सविस्तर आहे, पण ते पत्रे अंगावर धरून ठेवणाऱ्या साहित्याचा उल्लेखही नाही, म्हणून हे पत्र.

पंधराव्या शतकातील इंग्रजी धाटणीचे चिलखत हौसेने जुळवताना माझी पहिली चूक इथेच झाली. पत्रे मापाचे मिळाले, पण आतला अंगरखा, म्हणजे डब्लेट, मी सैल शिवून घेतला. त्यामुळे दंडावरचे पत्रे कोपरापर्यंत घसरले आणि मांड्यांवरच्या पत्र्यांचे सगळे ओझे खांद्यांवर आले. डब्लेट कमरेत घट्टच बसावे लागते, कारण पायांचे पत्रे तिथेच बंदांनी बांधलेले असतात.

हे बंद कसे असावेत, हे न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयातील पंधराव्या शतकातील एका इंग्रजी हस्तलिखितात स्पष्ट लिहिले आहे. पायी द्वंद्वासाठी माणसाला चिलखत कसे चढवावे, ते सांगताना लेखक म्हणतो की, क्रॉसबोच्या, म्हणजे चाप असलेल्या आडव्या धनुष्याच्या, दोरीसाठी वापरतात तसल्या बारीक सुतळीचे बंद करून त्यांना चांभारी मेण लावावे, म्हणजे ते ताणलेही जात नाहीत आणि तुटतही नाहीत. मी तसे केले. मेण चोळलेली सुतळी बोटांना चिकटते, पण बसलेली गाठ दिवसभर हलत नाही. काखेत आणि कोपराच्या आतल्या बाजूला, जिथे पत्रा पोचत नाही, तिथे कड्यांच्या जाळीचे तुकडे डब्लेटलाच शिवायचे आणि गुडघ्यांभोवती पातळ घोंगडीच्या पट्ट्या गुंडाळायच्या, इतके बारकावे त्यात आहेत.

बाजारातील तयार संचांत मात्र बंदांच्या भोकांना धातूच्या कड्या ठोकलेल्या असतात आणि बकला निकेलच्या मुलाम्याच्या. त्या काळची भोके काज्यांसारखी दोऱ्याने विणलेली असत. बकला आणि पट्टे कुठे व कसे लावावेत, हे पाहायचे तर इंग्लंडमधील वॉरिकच्या सेंट मेरी चर्चमध्ये 1439 साली निधन पावलेल्या रिचर्ड बीचम (Beauchamp) या इंग्रज सरदाराच्या समाधीवरचा धातूचा पुतळा पाहावा. पाठीवर निजलेला असूनही त्याच्या पाठीमागचे पट्टे आणि बकला कारागिराने तितक्याच बारकाईने घडवल्या आहेत.

त्या पाठीचे छायाचित्र पुरवणीत छापता आले, तर नाटकांसाठी चिलखते बनवणाऱ्या आपल्याकडच्या कारागिरांना ते थेट उपयोगी पडेल.

आपला विश्वासू,
एक वाचक, पुणे