नागपूरचा फाल्गुन मुलांच्या वाट्याला येऊ द्या

माननीय संपादक महोदय,

सादर नमस्कार.

माघ सरत आला आहे आणि नागपुरातली थंडी अखेर ओसरली आहे. पहाटे अजून अंगावर काहीतरी घ्यावेसे वाटते; पण सकाळी नऊच्या सुमारास अंगणात उभे राहिले की ऊन पाठीला सुखावते आणि संध्याकाळी मुलांना बाहेर सोडताना कानटोप्या शोधाव्या लागत नाहीत. दोन शाळकरी मुलांची आई म्हणून मी या दिवसांची किती आतुरतेने वाट पाहिली, हे थंडीत ज्यांच्या घरी लहान मूल रात्ररात्र खोकत होते त्या प्रत्येकाला कळेल. या ऋतूचे मनापासून स्वागत करावे आणि त्यासोबत शाळा, पालक व महानगरपालिका यांच्यापुढे एक मागणी ठेवावी, म्हणून हे पत्र लिहीत आहे. आपल्याकडे वसंत ज्या चार-पाच आठवड्यांपुरता असतो, ते आठवडे मुलांना घराबाहेर, झाडापाखरांत घालवता यावेत, एवढीच ती मागणी आहे.

बाहेरगावच्या लोकांना नागपूर ठाऊक असते ते उन्हासाठी. इथल्या थंडीची त्यांना सहसा कल्पना नसते. समुद्र शेकडो किलोमीटर दूर, हिवाळ्यात हवा कोरडी आणि आभाळ निरभ्र, त्यामुळे दिवसा तापलेली जमीन सूर्य मावळताच झपाट्याने निवते आणि त्यातच मध्य प्रदेशाकडून उत्तरेचे वारे सुटले की पारा दहा अंशांच्या खाली उतरतो. २९ डिसेंबर २०१८ रोजी येथे ३.५ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते. मधूनच ढग येतात, अवकाळी सर पडते, कधी गारपीट होऊन शेतकऱ्याच्या तोंडचा घास जातो, आणि आभाळ मोकळे झाले की थंडी पहिल्यापेक्षा जोराने परतते. यंदा ही ये-जा लांबतच गेली. आपली घरेही बहुधा उन्हाळा डोळ्यांपुढे ठेवून बांधलेली असतात. गार फरशी आणि ऊन टाळणाऱ्या खोल्या मे महिन्यात वरदान ठरतात, पण जानेवारीत त्याच खोल्या लहान मुलांना बाधतात.

माझ्या धाकट्या मुलाला बालदमा आहे. थंडीत धूर आणि धूळ जमिनीलगत साचून राहते, रस्त्याकडेच्या शेकोटीत कोणी ना कोणी प्लास्टिक किंवा जुना टायर टाकतो, आणि रात्री मुलाची छाती वाजू लागली की त्याला उठवून बसवावे लागते. स्पेसरचा, म्हणजे इनहेलरला जोडायच्या नळकांड्याचा, मास्क तोंडावर धरायचा, इनहेलर दाबायचा, तो श्वास ओढत असताना गळ्याखालची खळगी आत जाते तिकडे पाहत राहायचे आणि ती खळगी हळूहळू स्थिरावली की मगच दिवा मालवायचा. अशा मुलाला डिसेंबर-जानेवारीत मैदानावर पाठवायला मन धजत नाही आणि त्याचा हिवाळा बहुतेक चार भिंतींतच जातो. वसंतात फुलांच्या परागांमुळेही काही मुलांना त्रास होतो, हे मला माहीत आहे, म्हणून डॉक्टरांना विचारूनच आम्ही त्याला बाहेर नेतो; परंतु गेल्या काही दिवसांत तो रात्री सलग झोपतो आहे आणि सकाळी स्वतःहून चपला घालून दारात उभा राहतो आहे. आईवडिलांना याहून अधिक काय हवे असते?

बाहेर पाहण्याजोगे तर विलक्षण काही चालले आहे. सेमिनरी हिल्सच्या उतारांवर, गोरेवाड्याच्या बाजूला आणि शहराबाहेर पडणाऱ्या रस्त्यांच्या कडेच्या पडीक जमिनींवर पळस फुलू लागला आहे. काटेसावरीच्या पान नसलेल्या फांद्यांवर लाल, जाडसर फुले उमलत आहेत, पिंपळाला लवकरच तांबूस पालवी फुटेल आणि जुन्या वस्त्यांमधल्या घरांच्या आवारात आंबा मोहरला आहे. काटोल, नरखेड, कळमेश्वर या भागांतल्या संत्र्याच्या बागांत आंबिया बहाराची, म्हणजे थंडी सरताना येणाऱ्या बहराची, फुले येण्याचे हे दिवस, आणि मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला आलेल्या बहराची, गोड संत्री बाजारात येतात तीही याच दिवसांत. एका झाडाच्या दोन बहरांपैकी एकाचा सुगंध आणि दुसऱ्याचे फळ आपल्याला एकाच वेळी मिळते. मुलांना ही गोष्ट पुस्तकातून सांगण्यापेक्षा एकदा बागेत उभे करून दाखवली तर ती जन्मभर लक्षात राहील.

पळसाचे फूल मुलांना हातात घेऊन नीट पाहू द्यावे. त्याच्या देठाशी काळपट, लव असलेला पुष्पकोश असतो आणि त्यातून बाहेर आलेली केशरी पाकळी पोपटाच्या चोचीसारखी वाकलेली असते. पाकळीवर इतकी बारीक रुपेरी लव असते की ऊन तिरपे पडल्याखेरीज ती दिसत नाही. फुलाच्या तळाशी मध असतो आणि त्यासाठी शिंजीर, मैना, बुलबुल आणि भोरड्यांचे थवे या झाडांवर दिवसभर गलका करतात. झाडाखाली थोडा वेळ शांत उभे राहिले की मध पिणाऱ्या पाखराच्या कपाळाला पराग लागलेला दिसतो. तो घेऊनच ते पुढच्या फुलावर जाते आणि त्यातून पळसाच्या शेंगा धरतात. माझी मोठी मुलगी सहावीत आहे. परागीभवनाची व्याख्या तिला तोंडपाठ होती, परंतु असे पाखरू प्रत्यक्ष पाहिल्यानंतर तिने मला जे प्रश्न विचारले, ते व्याख्या पाठ करताना तिला एकदाही पडले नव्हते.

हे सारे फार थोडे दिवस टिकते. पंचांगाप्रमाणे वसंत ऋतू चैत्र-वैशाखात येतो. पण विदर्भात वैशाख म्हणजे वणवा आणि गुढीपाडव्याची गुढी उभारतानाच ऊन डोक्यावर चटके देऊ लागलेले असते. भारतीय हवामान विभागाच्या वर्गीकरणात तर जानेवारी-फेब्रुवारी हा हिवाळा आणि मार्च ते मे हा मान्सूनपूर्व काळ, म्हणजे आपला उन्हाळा. मध्ये वसंताला जागाच नाही. आमचा खरा वसंत माघाच्या अखेरीपासून फाल्गुन संपेपर्यंतचा, जेमतेम महिना-सव्वा महिन्याचा. होळी झाली की बाजारात कूलर आणि खसच्या ताट्या दिसू लागतात. ज्या शहरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश तापमान नोंदले गेले, त्या शहरात एप्रिल ते जून ही मुले दुपारी पुन्हा दारे-खिडक्या लावून घरातच असणार, हे उघड आहे. थंडीने कोंडलेली मुले उन्हाने कोंडली जाण्यापूर्वी त्यांना मोकळे सोडण्याची हीच काय ती संधी आहे.

आणि नेमक्या याच काळात आपण त्यांना अभ्यासाला जुंपतो. बारावी आणि दहावीच्या मंडळाच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असतात. त्या मुलांविषयी मी काही म्हणत नाही, त्यांच्यापुढे वेगळे आव्हान आहे. परंतु दुसरी-तिसरीच्या मुलालाही उजळणी, सराव चाचण्या आणि संध्याकाळची शिकवणी यांत गुंतवून ठेवण्याची गरज मला तरी समजलेली नाही. २०२५ साली पहिली ते नववीच्या परीक्षा एप्रिलच्या अखेरीपर्यंत नेणारे राज्यव्यापी वेळापत्रक आले, तेव्हा विदर्भातून उन्हाच्या कारणाने हरकती घेतल्या गेल्या आणि त्या रास्तच होत्या. उन्हाळ्यामुळे विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, हे शासनाने फार पूर्वीपासून मान्य केले आहे. लहान मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवावेत, असा निर्णयही ८ फेब्रुवारी २०२४ रोजी निघाला. हवामान आणि मुलांचे आरोग्य पाहून शाळेचे वेळापत्रक बदलता येते, हे यावरून सिद्धच आहे. उन्हाळ्याचा चटका बसू नये म्हणून आपण वेळापत्रक बदलतो, तसे वसंताचा लाभ व्हावा म्हणूनही बदलावे.

यासाठी नवा आदेश किंवा वेगळा निधी लागेल असे नाही. पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘आनंददायी शनिवार’ हा शनिवारी कृती आणि खेळांतून शिकण्याचा उपक्रम राज्यात २०२४ मध्येच जाहीर झालेला आहे. नागपुरातल्या शाळांनी होळीपर्यंतचे सगळे शनिवार वर्गाबाहेर घालवायचे ठरवले तर पुष्कळ साधेल. ज्यांना शक्य आहे त्यांनी अंबाझरी, गोरेवाडा किंवा सेमिनरी हिल्स येथे वन विभागाची रीतसर परवानगी घेऊन मुलांना न्यावे. ज्यांना वाहनाचा खर्च झेपत नाही त्यांनी शाळेच्या आवारातल्या करंजाखाली किंवा कडुनिंबाखाली वर्ग भरवावा. झाडांची नोंदवही करावी, एकाच फांदीचे दर आठवड्याला चित्र काढावे, पालवी कोणत्या झाडाला आधी फुटते ते लिहून ठेवावे. भूगोल, विज्ञान आणि मराठी निबंध हे तिन्ही विषय त्यात आपोआप येतात. महानगरपालिकेच्या शाळांमधल्या मुलांना तर याची अधिक गरज आहे, कारण सुट्टीच्या दिवशी त्यांना पेंच किंवा रामटेकला घेऊन जाणारे घरी कोणी असेलच असे नाही.

यात डोळ्यांच्या आरोग्याचाही प्रश्न आहे. आज कोणत्याही वर्गात गेलो तर चष्मा लागलेली मुले पूर्वीपेक्षा किती अधिक दिसतात, हे शिक्षकांना विचारावे. रोज पुरेसा वेळ मोकळ्या प्रकाशात घालवणाऱ्या मुलांमध्ये लांबचे कमी दिसण्याचा दोष सुरू होण्याचे प्रमाण कमी राहते, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसून आले आहे. तैवानने २०१० पासून शाळकरी मुलांनी दिवसाला १२० मिनिटे उघड्यावर घालवावीत असा कार्यक्रमच राबवला. आपल्याकडे मे महिन्यात हे शक्य नाही आणि पावसाळ्यातही ते कठीण आहे. फाल्गुनात मात्र सकाळ आणि संध्याकाळ मिळून दोन तास सहज काढता येतात.

महानगरपालिकेला दोन विनंत्या आहेत. दुपारी बंद राहणारी उद्याने मार्चअखेरपर्यंत मुलांसाठी सुरू ठेवावीत आणि तेथे पिण्याच्या पाण्याची सोय असावी. शाळा सुटल्यानंतरचा वेळ अनेक मुलांना दुपारीच मिळतो. दुसरी विनंती अधिक तातडीची आहे. पानगळ सुरू झाली की सकाळी झाडलोट करून पानांचे ढीग रस्त्याकडेलाच पेटवून दिले जातात. घनकचरा व्यवस्थापन नियमांनुसार कचरा असा उघड्यावर जाळता येत नाही, तरीही वस्त्यावस्त्यांमधून हा धूर निघतो आणि माझ्या मुलासारख्या अनेक मुलांना हिवाळा संपल्यावरही खिडक्या बंद ठेवून बसावे लागते. हे ढीग पेटवणाऱ्या सफाई कामगारांना दोष द्यावा असे मला वाटत नाही. पाने उचलून नेण्यासाठी गाडी वेळेवर आली आणि प्रत्येक उद्यानात पालापाचोळ्याच्या खताचा एक खड्डा असला तर त्यांना काडी ओढण्याची वेळच येणार नाही. टेकड्यांवर फिरायला जाणाऱ्यांनीही विडी-सिगारेटचे थोटूक फेकताना विचार करावा. वाळलेल्या गवताला या दिवसांत ठिणगी पुरते आणि पळसाखालची कोवळी रोपे त्यात जळून जातात.

घरी पालकांना करण्यासारखेही पुष्कळ आहे. होळीसाठी रंग विकत आणण्यापूर्वी एकदा मुलांकडून पळसाचा रंग करवून पाहावा. झाडावरची फुले तोडायची नाहीत, खाली पडलेली ताजी फुले वेचायची; ती धुऊन रात्रभर पाण्यात भिजत घालायची किंवा मंद आचेवर थोडी उकळायची. पाणी पिवळसर केशरी होते आणि त्यात मोठ्या माणसाने चिमूटभर खायचा चुना घातला की मुलांच्या डोळ्यांदेखत ते गडद नारिंगी होते. चुना जपून आणि अगदी थोडाच घालावा, आणि रंग वस्त्रगाळ करून मगच वापरावा. आमच्या घरी हे काम मुलांकडे सोपवले आहे, आणि परीक्षेच्या वेळापत्रकाशेजारीच फुले वेचायला जाण्याचा वार लिहिलेला आहे.

शाळांच्या मुख्याध्यापकांना शिक्षक कमी पडत असतील तर पालकांना हाक द्यावी. आमच्या वर्गाच्या पालकांपैकी काही जण सहलीसोबत चालायला, पाण्याच्या बाटल्या भरायला आणि लहान मुलांचे हात धरायला तयार आहेत. इतर शाळांतही असे पालक नक्कीच असतील. सकाळी सातला निघून दहाच्या आत परतले तर उन्हाचाही त्रास होणार नाही. होळीपर्यंतचे शनिवार अजून हातात आहेत; शाळांनी या आठवड्यात सूचना काढली तर येत्या शनिवारपासूनच सुरुवात करता येईल.

आपली नम्र,
एक पालक
त्रिमूर्तीनगर, नागपूर