साहेबांचं टोकन साहेबांकडे

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू हसत सांगितलंस, की साहेब दौऱ्यावर गेलेत, त्यांचं डिजिटल सहीचं टोकन, ते पेनड्राइव्हसारखं, तुझ्या बॅगेत आहे आणि पिनही तुला पाठ आहे. बाबा हसले. मी ‘जेवलास का’ विचारून फोन ठेवला. बोलायला लागले की माझा आवाज चढतो आणि तू ‘हो गं, हो गं’ करून मोकळा होतोस, म्हणून लिहिते आहे. एकदाच लिहीन आणि विषय संपवीन.

आधी चांगलं लिहिते. पगाराची देयकं अडकली होती त्या दिवशी तू उशिरापर्यंत थांबलास. पगाराची सरकारी प्रणाली, सेवार्थ, उघडत होती पण टोकन ओळखत नव्हती, मग ड्रायव्हर काढून पुन्हा टाकलास, ब्राउझरच्या सेटिंग तपासल्यास आणि रात्री बिलं पुढे गेली. माझी सगळी नोकरी आस्थापना शाखेत गेली. पगार एक दिवस लांबला तर कुणाचा हप्ता चुकतो, कुणाची औषधं राहतात, हे मला टेबलावर बसून कळायचं. त्यातल्या बऱ्याच जणांना तुझं नावही माहीत नसेल, ‘कंपनीचा मुलगा’ म्हणत असतील. मावशीला मात्र मी नाव घेऊन सांगितलं. दोनदा.

पण त्या रात्री साहेब शेजारच्या खुर्चीत होते ना? पिन त्यांनी टाकला असेल. आता ते तिकडे आणि त्यांची सही इकडे. उद्या एखाद्या देयकावर आक्षेप आला, तर सहीवर नाव त्यांचं. पण त्या तारखेला ते मुख्यालयात नव्हते, हे त्यांच्याच प्रवासभत्त्याच्या बिलावर लिहिलेलं असणार. मग कोण होतं, हा प्रश्न यायला किती वेळ लागतो? लॉग, म्हणजे संगणकातल्या नोंदी, तर असतातच. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या 2022 च्या निर्देशांनुसार ते 180 दिवस जपून ठेवावे लागतात, हे तूच मागे बाबांना समजावून सांगत होतास. कुठलं मशीन, किती वाजता, सगळं त्यात. मशीन तुझं.

प्रसादकडून कलमं मागवली. तुझं नाव घेतलं नाही, पण त्याने ओळखलं. 2000 च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम 42 आहे: ज्याची सही, त्यानेच ती स्वतःच्या ताब्यात राहील याची काळजी घ्यायची. म्हणजे जबाबदारी साहेबांची, हे बरं आहे. पण 66 सी पण आहे. दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही किंवा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. प्रसाद म्हणतो, ‘आत्या, इरादा वाईट असावा लागतो.’ इरादा तुझा वाईट नाही, हे मला सांगायला नको. पण तो नव्हता हे चार कचेऱ्यांत सांगत फिरणं म्हणजे काय, ते मी शेजारच्या टेबलावर पाहिलेलं आहे. आणि तो माणूस कायम नोकरीतला होता. त्याला निलंबनात निर्वाहभत्ता मिळाला, विभागीय चौकशी झाली, म्हणणं मांडता आलं. घटनेचं 311 वं कलम त्याच्या पाठीशी होतं. तू बाह्ययंत्रणेचा. तुझ्यासाठी कंपनीला एक मेल जाईल, ‘उद्यापासून दुसरा माणूस पाठवा.’ कंपनीही साहेबांशी भांडणार नाही, तिला पुढची निविदा भरायची आहे.

म्हणून सांगते, तोंडी सांगितलेलं काम करायचं नाही. सगळं तिकिटात, म्हणजे तुमच्या त्या तक्रारीच्या नोंदीत लिहायचं, कुणी सांगितलं ते नावानिशी. कुणाच्या मशीनवर रिमोटने गेलास तर तो समोर बसलेला असला पाहिजे. तिकीट वेळेत बंद झालं नाही तर कंपनीला दंड लागतो म्हणून घाईत कुणाचं लॉगिन वापरायचं नाही. तुमच्या पिढीला वाटतं, काम झालं की झालं. कागद कुणी बघत नाही. बघतात. पाच वर्षांनी बघतात, आणि तेव्हा साहेबांची बदली झालेली असते.

बघ, लागलेच भाषण द्यायला. राहू दे. हे सगळं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं, आणि तुला ते शिकवायला मी नको.

उलट मला तूच शिकवलंस. एमएस-सीआयटी पास होणं सक्तीचं झालं तेव्हा मला माउस धरता येत नव्हता. बाण कुठे गेला ते सापडायचं नाही आणि मी रडकुंडीला यायचे. तू सहावीत की सातवीत, जेवणं झाल्यावर माझा सराव घ्यायचास. चुकलं की बाबांसारखा ‘च्च’ करायचास. आणि पासवर्ड टाकायची वेळ आली की मान वळवून भिंतीकडे बघायचास. मी म्हणायचे, अरे बघ की, बरोबर पडतोय का सांग. तर म्हणायचास, ‘मलासुद्धा दाखवायचा नाही, सरांनी सांगितलंय.’ एवढासा होतास. मी पास झाले त्या दिवशी शाखेत पेढे वाटले आणि सगळ्यांना सांगितलं, मुलाने शिकवलं.

तर टोकनचं. साहेबांना ‘नाही’ म्हणू नकोस, वरिष्ठांना ते झेपत नाही. ते परत आले की हातात दे आणि म्हण, ‘सर, हे तुमच्याच ताब्यात असायला हवं, ऑडिटला तुम्हालाच विचारतील.’ त्यांचं हित पुढे कर, तुझं मागे ठेव. पिन बदलायला तूच बसव त्यांना, आणि नवा टाकताना भिंतीकडे बघ. पुन्हा कधी ठेव म्हणाले तर, ‘दोन ओळींचा मेल टाका सर, लगेच ठेवतो.’ तो मेल कधी येत नाही. पस्तीस वर्षांचा अनुभव आहे.

मार्चनंतरची मुदतवाढ कार्यादेशासकट आली का, की नुसतं ‘होईल’ म्हणतायत? पीएफच्या पासबुकात कंपनीचा हिस्सा दर महिन्याला पडतो का तेही बघ, बाबांनी मुद्दाम लिहायला सांगितलंय.

आणि या पत्राचा फोटो काढून ग्रुपवर टाकू नकोस. मावशी वाचेल, आणि आठवडाभर मलाच फोन करून विचारत बसेल की टोकन म्हणजे काय.

तुझी,
आई