गिअरबॉक्स न उतरवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार.

काल सकाळी गाडी बाहेर काढली आणि दुसरा गिअर दोन बोटांनी पडला. तेव्हाच ठरवलं की तुम्हाला लिहायचं. समोरासमोर आभार मानले तर तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता. म्हणून हे उघड पत्र, म्हणजे तुम्ही काय केलंत ते चार लोकांनाही कळेल.

माझी गाडी तुम्ही जाणताच. १९८९ साली जगापुढे आलेल्या मझदा एमएक्स-५ ची पहिली पिढी, दोन सीट, पाच गिअर. तिचं निम्मं सुख त्या आखूड गिअरच्या दांड्यात आहे. तो थेट गिअरबॉक्सच्या डोक्यावर बसतो, मध्ये केबल नाही की लांबलचक सळ्या नाहीत. सगळं ठीक असेल तर नुसत्या मनगटाने गिअर बदलतो. मी मात्र वर्षभर खांद्यापासून जोर लावत होतो. इंजिन गार असताना दुसरा गिअर चिखलात रुतल्यासारखा जायचा, सिग्नलला पहिला पडायचा नाही आणि रिव्हर्स टाकताना करकर व्हायची. एका गॅरेजात सांगितलं की सिंक्रोनायझर, म्हणजे गिअर पडताना वेग जुळवणारे भाग, गेलेत, गिअरबॉक्स उतरवावाच लागेल. मला ते खरं वाटलं होतं. गाडी विकून टाकावी इथपर्यंत मन आलं होतं.

तुम्ही आलात आणि पान्याला हातही लावला नाहीत. सीटवर बसलात, मला गप्प राहायला सांगितलंत, इंजिन बंद ठेवून एकेक गिअर सावकाश टाकून पाहिलात. मग इंजिन चालू करून पुन्हा तेच. बंद असताना सहज पडतो आणि चालू असताना अडतो, तर क्लच पुरता सुटत नाही. दोन्ही वेळा घट्ट, तर दुखणं दांड्यापाशी किंवा गिअरबॉक्सच्या आत. माझ्या गाडीत बंद असतानाही घट्ट होता आणि चालू केल्यावर आणखी घट्ट. म्हणजे दुखणी दोन, हे तुम्ही दहा मिनिटांत ओळखलंत. करकरीचा अर्थही तेव्हाच कळला. जुन्या गिअरबॉक्समध्ये रिव्हर्सला बहुधा सिंक्रोनायझर नसतोच, मग तिथली करकर त्याच्या माथी कशी मारणार? ती क्लच पुरता न सुटल्याची.

दांडा काढला तेव्हाचं दृश्य मी विसरणार नाही. दांड्याभोवतीचं वरचं रबरी बूट, म्हणजे आवरण, ठीक होतं, पण खालचं चिरून लोंबत होतं. दांड्याचा गोळा ज्या खोबणीत फिरतो तिथे गिअर ऑइल असायला हवं, जेमतेम ८०-९० मिलिलिटर, आणि ते मुख्य गिअरबॉक्सच्या ऑइलपासून वेगळं असतं. माझ्याकडे तिथे काळा चिकटा उरला होता. दांड्याच्या टोकाचं प्लास्टिकचं बुश (छोटी टोपी) झिजून एका बाजूला बसलेलं. गाडी माझ्याकडे आल्यापासून ते झाकण मी एकदाही उघडलं नव्हतं. तिथेही ऑइल असतं हेच मला माहीत नव्हतं. तुम्ही सगळं पुसून घेतलंत, नवं बुश, नवी बुटं आणि ताजं ऑइल घातलंत.

गिअरबॉक्सचं ऑइल बदलताना ड्रेन प्लगला हात लावण्याआधी भरायचा प्लग सैल करून बघायला लावलंत. तो निघालाच नाही तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन बसावं लागेल, हे माझ्या डोक्यातही नव्हतं. तुम्ही ७५डब्ल्यू-९० घट्टपणाचं, तेही जीएल-४ दर्जाचं ऑइल निवडलंत. सिंक्रोनायझरची पितळी रिंग घर्षणानेच वेग जुळवते, ऑइल फार निसरडं असेल तर तिला पकड मिळत नाही, आणि जीएल-५ मधल्या काही ऑइलची रसायनं पितळाला खातात. हे तुम्ही हातातल्या कपड्याने बोटं पुसत सांगितलंत. मला आजही जसंच्या तसं आठवतं.

क्लचचं काम त्यामानाने सरळ निघालं. पेडल दाबल्यावर क्लच सोडवणाऱ्या स्लेव्ह सिलिंडरचं रबर मागे ओढलं आणि आतून ओलं निघालं. नवा सिलिंडर बसवला, फ्लुइड बदललं, मी पेडल दाबत राहिलो आणि तुम्ही खालून हवा काढलीत. शेवटच्या बुडबुड्यानंतर पेडल पायाला भरीव लागलं तेव्हा मला रडू यायचंच बाकी होतं.

काका, तुम्ही नुसता गिअर मोकळा केला नाहीत. गिअर अडला की जोर लावायचा नाही, का अडला ते आधी शोधायचं, ही सवय मला तुमच्यामुळे लागली. आता गार इंजिनवर दुसऱ्या गिअरला क्षणभर थांबतो, मग तो आपणहून आत जातो.

क्लचची रबरी नळी जुनीच आहे, तीही बदलून टाका असं जाताना म्हणाला होतात. नळी आणून ठेवली आहे. येत्या रविवारी या. पाने या वेळी मी धरतो, तुम्ही शेजारी बसून सांगा. आणि काम झाल्यावर पहिली फेरी तुम्ही मारायची. एवढे दिवस तिच्याखाली झोपलात, चालवली मात्र एकदाही नाहीत.

आपला ऋणी,
त्या दोन सीटवाल्या गाडीचा मालक