घरंगळणारे कडे वर्गात परत आणा

मा. संपादक, स. न. वि. वि.

एनसीईआरटीच्या अकरावीच्या भौतिकशास्त्रातून 2023 च्या फेरमुद्रणात समांतर व लंब अक्षांची प्रमेये आणि घरंगळण्याची गती वगळली गेली. इंदूरच्या बऱ्याच शाळांत हेच पुस्तक चालते. मुलांवरचे ओझे कमी व्हावे, हे मलाही पटते. प्रमेये गेली तर गेली, पण घरंगळणे जायला नको होते.

संध्याकाळी माझ्याकडे मुले शिकायला येतात. टॉर्कच्या, म्हणजे बलाच्या फिरवण्याच्या परिणामाच्या, धड्याला मी फळीचे एक टोक दोन जाड पुस्तकांवर ठेवते आणि वरून कॅरमचा स्ट्रायकर, पितळी कडे आणि काचेची गोटी एकदम सोडते. गोटी पहिली, स्ट्रायकर दुसरा, कडे शेवटी. कडे लहान घ्या, मोठे घ्या, जड घ्या, क्रम बदलत नाही. मग विचारते, यांना फिरवतं कोण? उत्तर ठरलेले: गुरुत्वाकर्षण. पण वजन तर मध्यातूनच जाते, मध्याभोवती त्याचा टॉर्क शून्य! फिरवते ते फळीला टेकल्या जागी लागणारे घर्षण, तेही उताराच्या वरच्या दिशेने. घर्षण नसते तर तिन्ही वस्तू न फिरता घसरल्या असत्या आणि बरोबरच खाली पोचल्या असत्या. कड्याचे सगळे वस्तुमान काठावर असल्याने त्याची निम्मी ऊर्जा फिरण्यातच जाते. स्ट्रायकरची एक तृतीयांश जाते, भरीव गोटीची दोन सप्तमांश. हे कळले की मुलांचे चेहरे बघावेत!

आयआयटी प्रवेशाच्या जेईई ॲडव्हान्स्ड परीक्षेच्या अभ्यासक्रमात कडी, दंडगोल आणि गोल यांचे न घसरता घरंगळणे आजही आहे. म्हणजे इथल्या भंवरकुआ भागातल्या कोचिंगची फी भरणाऱ्याला ते मिळणार आणि फक्त शाळेवर विसंबलेल्या मुलाला नाही. हा अन्याय आहे. शिवाय कोचिंगमधून सूत्र घोकून आलेली मुलेही घर्षणाची दिशा विचारली की गडबडतात, कारण कडे घरंगळताना त्यांना कुणी दाखवलेलेच नसते.

शहरातल्या शिक्षक बंधुभगिनींना माझी कळकळीची विनंती आहे. परीक्षेत येणार नसले तरी यासाठी एक तास काढा. सामान घरातच सापडेल. फक्त फळी फार उभी करू नका. तिघांत कड्यालाच घर्षण सर्वांत जास्त लागते, त्यामुळे चढ वाढला की आधी तेच घसरू लागते.

एक निवृत्त शिक्षिका,
रामबाग, इंदूर