तक्रार: ४ कॅमेऱ्यांचा सेट, मुलामा दिलेली वायर आणि फिटिंगवाल्याच्या मोबाईलवर आमचं घर

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

विषय: तुमच्या वेबसाईटवरून घेतलेल्या सीसीटीव्ही सेटबद्दल आणि फिटिंगबद्दल तक्रार

सर/मॅडम,

ऑर्डर नंबर, बिल, फोटो सगळं सोबत जोडलंय त्यामुळे कृपया परत "ऑर्डर आयडी शेअर करा" असा रिप्लाय पाठवू नका. कस्टमर केअरला बोलून बोलून कंटाळलो म्हणून आता लेखी देतोय.

मी पुण्यात नोकरीला, आई-बाबा कराडजवळ गावी. घर जुनं, दगडी भिंतींचं, मागे गोठा. बजेट १२ हजार, त्याच्या वर जायचं नाही असं ठरलेलं. आधी वायफायचे कॅमेरे बघितले, स्वस्त पडत होते, पण ते बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि राऊटर माजघरात, दोन दगडी भिंती ओलांडून गोठ्यापर्यंत रेंज जाणं शक्य नाही. वर रेकॉर्डिंग कॅमेऱ्यातल्याच मेमरी कार्डात, म्हणजे चोराने कॅमेराच उपटून नेला तर पुरावाही त्याच्याच खिशात. म्हणून वायरवाला सेट घेतला: २ मेगापिक्सेलचे ४ बुलेट कॅमेरे, डीव्हीआर (रेकॉर्डिंग करणारं मशीन), ५०० जीबी हार्डडिस्क, पॉवर सप्लाय, ९० मीटर "प्युअर कॉपर" वायर, फिटिंग फ्री, सगळं मिळून ११,४९९. हे शब्द तुमच्याच पेजवरचे आहेत, स्क्रीनशॉट आहे.

फ्री फिटिंगचं सांगतो. तुमचा माणूस आला, घर बघितलं आणि म्हणाला वायर पुरणार नाही, अजून एक बंडल लागेल, कनेक्टर वेगळे, बॉक्स वेगळे, शिडीचे वेगळे. बाबांनी ४,२०० रुपये दिले, तेही कंपनीच्या नाही, त्याच्या स्वतःच्या नंबरवर यूपीआय, बिल नाही. विचारलं तर म्हणे "कंपनी नंतर मेल करेल". तो मेल अजून यायचाय.

आता वायर. गोठ्यावरचा कॅमेरा दिवसा झकास चालायचा आणि अंधार पडला की बंद, परत चालू, परत बंद, रात्रभर हेच. तुमचे लोक फोनवर सांगतात रिस्टार्ट करा. शेवटी गावातल्या वायरमनला बोलावलं, त्याने मीटर लावून दाखवलं, डीव्हीआरपाशी १२ व्होल्ट आणि गोठ्याच्या टोकाला ९ सुद्धा नाही. रात्री कॅमेऱ्यातले इन्फ्रारेड दिवे लागले की करंट जास्त ओढला जातो, आणि वायर बारीक, लांब, त्यात हलकी असेल तर व्होल्टेज वाटेतच पडतं. मग त्याने ब्लेडने वायरची तार खरवडली. वरचा लाल रंग निघाला आणि आत पांढरंशुभ्र ॲल्युमिनियम. तांब्याचा नुसता मुलामा! दोन्ही बंडलं तशीच, तुमच्या सेटमधलं पण आणि तुमच्या फिटिंगवाल्याने विकलेलं पण. आणि भिंतीबाहेर एके ठिकाणी जोड दिलाय तो कनेक्टर न लावता पीळ मारून वर काळी टेप, कनेक्टरचे पैसे मात्र घेतलेत.

ह्यात आमच्या शेजाऱ्यांच्या विहिरीवरच्या मोटरची केबल चोरीला गेली. आमचा गेटवरचा कॅमेरा त्याच रस्त्यावर आहे म्हणून ते फूटेज मागायला आले. तारीख टाकून शोधलं तर काहीच नाही. बघतो तर डीव्हीआरच्या मते ती १ जानेवारी २००० होती. गावात लाईट रोज जाते, आणि लाईट गेली की तुमच्या मशीनचं घड्याळ मागे जातं कारण आतला बटण सेल नव्या मशीनमध्येच मेलेला. स्क्रीनवर २००० साल दाखवणारं फूटेज घेऊन पोलीस स्टेशनला गेल्यावर काय ऐकावं लागलं असेल ते तुम्हीच समजा. (चोराला निदान खरं तांबं कळतं, तुमची वायर त्याने फुकट दिली तरी नेली नसती.)

तुम्ही सांगितलेलं १५ दिवसांचं रेकॉर्डिंग हा अजून एक विनोद. मशीन एच.२६४ वर (व्हिडिओ दाबून साठवायची जुनी पद्धत, नवी ती एच.२६५) सेट करून दिलंय, साधारण ४ एमबीपीएसने एक कॅमेरा दिवसाला ४३ जीबी खातो, चारांचे १७० च्या आसपास, म्हणजे ५०० जीबीत जेमतेम ३ दिवस. एच.२६५ वर टाकलं तरी साधारण दुप्पट, १५ कुठून आणणार? तुमचं उत्तर काय, तर २ टीबीची डिस्क घ्या.

पण हे सगळं एकवेळ बाजूला ठेवतो, मेन तक्रार पुढे आहे. तुमच्या माणसाने मोबाईल ॲपमध्ये मशीन स्वतःच्या अकाउंटवर रजिस्टर केलं आणि आम्हाला फक्त शेअर करून दिलं. मी माझ्या अकाउंटवर घ्यायला गेलो तर ॲप म्हणतं हे डिव्हाइस आधीच दुसऱ्या अकाउंटला जोडलेलं आहे. म्हणजे मालक तो आणि मी पाहुणा! आई दुपारी पडवीत धान्य निवडत बसते, बायका येतात जातात, ते सगळं एक परका माणूस कुठेही बसून बघू शकतो. त्याला फोन केला तर उचलत नाही, तुम्हाला केला तर म्हणता तो आता आमच्याकडे नाही. मशीनवरच्या स्टिकरचा फोटो, बिल, सगळं दिलं तरी उत्तर तेच की ज्याच्या अकाउंटवर आहे त्यालाच काढावं लागेल. अहो पण तो तुम्हीच पाठवलेला ना? आता आम्ही डीव्हीआरची इंटरनेटची वायर काढून ठेवलीय, त्यामुळे पुण्यातून मला काही दिसत नाही, आणि तेवढ्यासाठीच तर हा सगळा खर्च केला होता.

तर आधी ते अकाउंट तुमच्या बाजूने मोकळं करून द्या, हे आजच्या आज व्हायला हवं, बाकी मागून. मग डीव्हीआर बदलून द्या, दोन्ही बंडलांच्या जागी खऱ्या तांब्याची वायर नीट कनेक्टर लावून टाकून द्या आणि ४,२०० चं बिल द्या नाहीतर पैसे परत. हे जमणार नसेल तर सेट घेऊन जा आणि सगळी रक्कम परत करा.

ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निकाल महिन्याच्या आत द्यायचा असतो हे तुम्हाला माहीत असेलच. नाही झालं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर नोंदवणार आणि तिथून पुढे जिल्हा ग्राहक आयोगात, ५ लाखांपर्यंतच्या मालाला तिथे फी पण लागत नाही.

माणूस पाठवाल तेव्हा आधी मला फोन करा, बाबांना नको, ते कुणालाही पैसे देऊन बसतात. शनिवार-रविवार मी गावी असतो. आणि येणाऱ्याला सांगून ठेवा, ॲप माझ्याच मोबाईलवर आणि माझ्यासमोर चालू होईल, पासवर्ड मी टाकणार.

तुमचा ग्राहक
(नाव-पत्ता बिलावर आहे)