वनस्पती उद्यानाच्या नोंदींसाठी आवाहन

विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानाला मदत म्हणून लोक बहुतेकदा रोपे आणून देतात. आपुलकी कळते, पण सध्या रोपे आणू नयेत ही विनंती. कुठून आले याची माहिती नसलेले झाड अभ्यासाला फारसे उपयोगी पडत नाही. शिवाय कुंडीच्या मातीतून सूत्रकृमी (मुळांना लागणारे सूक्ष्म जंत) येतात ते वेगळेच.

आम्हाला हव्या आहेत नोंदी. इटलीतल्या पादुआ विद्यापीठाचे उद्यान १५४५ सालचे. तिथला १५८५ मध्ये लावलेला पाम आजही उभा आहे. त्याचे मोल बरेचसे त्या सालामुळे आहे. आपल्या उद्यानातल्या कितीतरी जुन्या झाडांचे ना साल ठाऊक, ना बी कुठले ते. झाडांवरच्या माहितीच्या पट्ट्या तारेने आवळून बांधल्या होत्या. खोड जाडावले तशी तार सालीत रुतली आणि पट्टी तुटून पडली. नव्या पट्ट्या अ‍ॅल्युमिनियमच्या असतील, अक्षरे ठोकून उठवलेली (शाई उन्हात उडते) आणि स्प्रिंगवर सैल अडकवलेल्या.

माजी विद्यार्थी, शिक्षक, माळीकाका यांच्याकडे जुन्या क्षेत्रवह्या, बियाणे-देवघेवीच्या याद्या, पत्रे, छायाचित्रे असतील तर कळवा. फुलाच्या जवळून घेतलेल्या फोटोपेक्षा मागे भिंत, पायवाट किंवा इमारत दिसणारा फोटो जास्त कामाचा, कारण त्यावरून झाडाची जागा ठरवता येते. मूळ प्रत तुमच्याकडेच राहील, आम्ही स्कॅन करून घेऊ. लॅमिनेशन मात्र करू नका.

देणगी लागेल ती हर्बेरियमसाठी, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या नमुन्यांच्या संग्रहासाठी. नमुने चिकटवायला ४२ × २८ सेंमीचे आम्लविरहित कागद हवेत. साधा कागद पिवळा पडून ठिसूळ होतो आणि नमुना त्याच्यासोबत तुटतो. दुसरी गरज डीप फ्रीझरची. सिगारेट बीटल हा भुंगेरा वाळलेली पाने पोखरतो. नमुने प्लॅस्टिक पिशवीत बंद करून उणे २० अंशांवर आठवडाभर ठेवले की तो अळ्यांसकट मरतो. पिशवी खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडायची; घाई केली तर नमुन्यावर दव धरते, मग बुरशी. देणगीची पावती उद्यान कार्यालयातूनच घ्यावी.

नमुने कागदावर चिकटवायला आणि सुई-दोऱ्याने टाचायला स्वयंसेवकही हवेत. सेलोटेप चालणार नाही, त्याचा डिंक पिवळा पडून सुटतो. फार जुन्या नमुन्यांना मर्क्युरिक क्लोराइड हे पाऱ्याचे विषारी संयुग लावलेले असू शकते, म्हणून ती कपाटे फक्त प्रशिक्षित कर्मचारी हाताळतील. खाण्याचे डबे हर्बेरियमबाहेर ठेवावेत.